कसर

ही वही उजवीकडून उघडते.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिला आठवडाभर
मी माणसांना आधी कर्ज फेडताना पाहिलं
आणि मग मागताना.

प्रार्थनागृहाखालचं तळघर, पेटी क्रमांक नऊ.
बाहेर सुपीरियर तळं गोठत असल्याचा आवाज,
जाड काच कुणी सावकाश दुमडावी तसा.
चाळीस वर्षं मी बंदरावर गव्हाची वजनं लिहिली,
रकाने मला कळतात. यिडिश अजून अडखळत.
ब्लूमा गारेलिक म्हणतात, आधी आकडे वाच,
अक्षरं आपोआप जवळ येतात.

१९११. याँकेव-लीब शुल्किन, फेरीवाला.
घोड्यासाठी, चाळीस डॉलर.
जामीन: बेरेल खाटीक, आणि त्याचा साडू.
व्याजाचा रकाना छापीलच आला असावा;
चिटणिसाने त्यात वरपासून खालपर्यंत
एकच उभी रेघ ओढलीय, पानामागून पान,
न कंटाळता. हातउसने ते हातउसनेच.

पन्नास सेंट. पन्नास सेंट. पन्नास.
सुया, दोरे, चष्मे, हातातले आरसे
खाणीवरच्या फिनिश बायकांना विकून
दर रविवारी पन्नास.
जानेवारीत समासात, बारीक अक्षरांत: घोडा मेला.
पुढच्या रविवारी: पन्नास सेंट.

मार्चमध्ये सही बदलते.
कारण दिलेलं नाही. पैशाच्या वहीला
जेवढं विचारावं तेवढंच ती सांगते.
कारण पेटी चौदात आहे, दफन मंडळाच्या नोंदीत:
शुल्किन, वय चौतीस. बर्फात सापडला,
पाठीवर गाठोडं तसंच. कफन मंडळाकडून.
दोन्ही पेट्यांत पाच फुटांचं अंतर,
आणि शंभरावर वर्षांत
त्या कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

आता खास्ये शुल्किन सही करते.
लिहिता येत नाही, पण फुली ती काढणार नाही;
फुलीत तिला क्रूस दिसतो.
म्हणून एक वर्तुळ, दर वेळी थोडं उघडं राहिलेलं.
पन्नास. चाळीस. पंचवीस.
मेमध्ये: सहा अंडी.
इथे चिटणिसाची तारांबळ दिसते.
अंडी रकमेत मावेनात, शब्द लांबत
व्याजाच्या रकान्यात घुसला,
म्हणून त्याने तो घाईघाईने खोडला
आणि समासात नेऊन बसवला,
मेल्या घोड्याच्या खाली.

गेल्या मंगळवारी ॲरिझोनाहून एक बाई आल्या,
शिफ्रा वाइनग्रॉड, खास्येची पणती.
कोट न काढता विचारलं:
फिटलं का?

मी पान उलटलं. शेवटच्या ओळीत "बाकी",
पुढे दोनचा आकडा, पुढे भोक.
दोन डॉलर, की वीस सेंट, ते किड्याला ठाऊक.
भोक आरपार तीन पानं जातं.
दुसऱ्या पानावर कुणा शिंप्याची बाकी गेलीय,
तिसऱ्यावर बेकरीवाल्याची.
बाईंनी पर्स उघडली, नोटा चाचपल्या.
ब्लूमाबाई म्हणाल्या, घ्यायला कुणी नाही हो,
ती संस्था माझ्या जन्माआधीच बंद पडली.

पर्स बराच वेळ उघडीच राहिली.
मग बाई म्हणाल्या, आमच्या घरी सांगायचे,
पणजी अंडी कधी खायची नाही.
का, ते कुणी सांगायचं नाही.
आम्हाला वाटायचं, आवडत नसतील.

त्या गेल्यावर मी फॉर्म भरला.
वस्तू: वही. भाषा: यिडिश. पानं: दोनशे बारा.
"अवस्था" या शब्दापुढे दीड ओळीची जागा असते.
लिहिलं: शेवटच्या पानांना कसर.
ब्लूमाबाईंनी चष्म्यावरून विचारलं, किती?
म्हटलं, मोजता येत नाही.